मूत्रविकारांची नोंद : वहीपासून भ्रमणध्वनीपर्यंत

ताप किती आहे हे तापमापक सांगतो. रक्तदाब यंत्रावर मोजता येतो. हाड मोडले असल्यास क्ष-किरणांच्या छायाचित्रात ते दिसते. परंतु रुग्णाला रात्री किती वेळा उठावे लागते, लघवीची घाई त्याला कितपत आवरते, शौचालयापर्यंत पोहोचण्यापूर्वी वस्त्र ओले होते काय, या गोष्टी दवाखान्यातील कोणत्याही तपासणीत दिसत नाहीत. त्या केवळ रुग्णालाच ठाऊक असतात आणि रुग्ण त्या सांगण्यास सहसा तयार नसतो.

वृद्ध पुरुष ‘वयोमानाने असे व्हायचेच’ असे म्हणून गप्प राहतो. खोकताना, शिंकताना किंवा पाण्याची घागर उचलताना लघवी निसटते, ही गोष्ट स्त्रिया वर्षानुवर्षे कोणापाशी बोलत नाहीत. लग्नकार्याला जाणे त्या टाळतात आणि एस. टी. च्या लांबच्या प्रवासाला निघण्याच्या आदल्या दिवसापासून पाणी तोडतात. या मौनाची किंमत मोठी असते. रात्री अंधारात परसदारी जाताना पाय घसरून वृद्धांचे खुब्याचे हाड मोडते. दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेला अडथळा एखाद्या दिवशी लघवी पूर्ण तुंबवतो आणि प्रसंगी मूत्रपिंडांनाही इजा करतो. मधुमेहाची पहिली सूचना वारंवार होणाऱ्या लघवीतून मिळत असते, पण तिचा अर्थ कोणी लावत नाही.

अलीकडच्या काळात अशा लक्षणांची पद्धतशीर नोंद ठेवण्यासाठी भ्रमणध्वनीवरील ॲप, विद्युत प्रश्नावल्या व लहान मापनयंत्रे उपलब्ध झाली आहेत. ही साधने नेमके काय करतात, त्यांची उपयुक्तता कोठे आहे व मर्यादा कोठे, आणि ग्रामीण भागातील आरोग्यसेवेत त्यांना कोणते स्थान देता येईल, याचा विचार आरोग्य कर्मचारी, शिक्षक व पंचायत सदस्य या सर्वांनीच करण्यासारखा आहे.

लक्षणांचे स्वरूप

निरोगी प्रौढ माणसाची दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतांश भाग शरीर परत शोषून घेते आणि साधारणतः १ ते २ लिटर लघवी बाहेर पडते. मूत्राशय हा स्नायूंचा बनलेला लवचीक कोश असून त्यात सर्वसाधारणपणे ३०० ते ५०० मिलिलिटर लघवी साठू शकते. त्याची कामे दोनच : लघवी साठवून ठेवणे व योग्य वेळी ती पूर्णपणे बाहेर टाकणे.

लघवीच्या तक्रारींचे वर्गीकरणही याच दोन कामांवरून होते. ‘इंटरनॅशनल कंटिनन्स सोसायटी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात या लक्षणांचे तीन गट केले आहेत. वारंवार लघवीला होणे, रात्री उठावे लागणे, एकाएकी अनावर घाई होणे व नकळत लघवी निसटणे ही साठवणुकीची लक्षणे होत. धार बारीक असणे, लघवी सुरू होण्यास वेळ लागणे, मध्येच थांबणे, जोर करावा लागणे ही विसर्जनाची लक्षणे होत. लघवी झाल्यावरही मूत्राशय रिकामे न झाल्यासारखे वाटणे किंवा मागाहून थेंब थेंब गळणे ही तिसऱ्या गटातील लक्षणे होत.

या तक्रारी नव्या नाहीत. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत मूत्रकृच्छ्र, मूत्राघात, अश्मरी व प्रमेह यांचे सविस्तर विवेचन आहे. प्राचीन वैद्यापुढील अडचण आजच्या डॉक्टरांपुढेही तशीच उभी आहे. रोगाची खरी हकीकत रुग्णाच्या तोंडूनच कळावयाची असते. ती अचूक कशी मिळवावी, हा या विषयातील मुख्य प्रश्न होय.

स्मरणशक्तीची मर्यादा

‘रात्री किती वेळा उठता?’ या प्रश्नाला ‘चार-पाच वेळा’ असे उत्तर मिळते. प्रत्यक्षात ते एखाद्या त्रासदायक रात्रीचे वर्णन असते. गेल्या महिन्याभराचे चित्र त्यात असेलच असे नाही. ज्या रात्री झोप मोडली ती लक्षात राहते आणि ज्या रात्री निर्विघ्न गेल्या त्या विस्मरणात जातात. काही रुग्ण संकोचाने त्रास कमी करून सांगतात, तर डॉक्टरांचे लक्ष वेधावे म्हणून काहीजण तो वाढवूनही सांगतात.

मग रुग्णास वही देऊन रोजच्या रोज लिहावयास सांगितले तर? या संदर्भात अमेरिकेतील संशोधकांनी केलेला एक प्रयोग उद्बोधक आहे. २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ मध्ये तो प्रसिद्ध झाला. प्रयोग लघवीच्या विकारांचा नसून दीर्घकालीन वेदनांच्या ८० रुग्णांचा होता. त्यांपैकी निम्म्यांना कागदी नोंदवही व निम्म्यांना हातात मावणारे विद्युत उपकरण देण्यात आले. दिवसातील ठरावीक वेळी आपल्या वेदनेची नोंद करावयाची, असा नियम होता. कागदी नोंदवहीच्या आवरणात ती केव्हा उघडली गेली हे टिपणारी प्रकाशसंवेदी योजना होती. रुग्णांनी भरून दिलेल्या कागदांवरून ९० टक्के नोंदी वेळच्या वेळी झाल्याचे दिसत होते. छुप्या योजनेने मात्र खरे प्रमाण अवघे ११ टक्के असल्याचे दाखवून दिले. जवळजवळ एक-तृतीयांश दिवशी तर वही उघडलीच गेली नव्हती, तरीही त्या दिवसांची पाने भरलेली होती. विद्युत उपकरणावर वेळेवर केलेल्या नोंदींचे प्रमाण ९४ टक्के होते.

यावरून रुग्ण खोटे बोलतात असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. डॉक्टरांना रिकामा कागद दाखविणे अवघड वाटते म्हणून दवाखान्यात जाण्यापूर्वी आठवून आठवून पाने भरण्याची प्रवृत्ती स्वाभाविक आहे. शाळेच्या निसर्गनिरीक्षणाच्या वहीत महिन्याभराच्या नोंदी एका बैठकीत लिहिणारे विद्यार्थी शिक्षकांच्या परिचयाचे असतीलच. डिजिटल साधनांचा पहिला व सर्वांत मोठा लाभ हाच, की घटना आणि नोंद यांतील अंतर ते कमी करतात व नोंद केव्हा झाली हेही आपोआप नमूद करतात.

दोन मूलभूत साधने

लघवीच्या लक्षणांची मोजदाद प्रामुख्याने दोन साधनांनी केली जाते. डिजिटल साधने ही बहुतांशी या दोन जुन्या साधनांचीच नवी रूपे आहेत, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

पहिले साधन प्रश्नावलीचे. प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीमुळे पुरुषांना होणारा त्रास मोजण्यासाठी अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने तयार करविलेली सात प्रश्नांची गुणपद्धती १९९२ साली प्रसिद्ध झाली. मूत्राशय पूर्ण रिकामे न झाल्याची भावना, वारंवारता, मध्येच थांबणारी लघवी, घाई, बारीक धार, जोर करावा लागणे व रात्री उठणे या सात बाबींना गेल्या महिन्यातील अनुभवावरून प्रत्येकी ० ते ५ गुण द्यावयाचे असतात. एकूण गुण ७ पर्यंत असल्यास त्रास सौम्य, ८ ते १९ असल्यास मध्यम आणि २० ते ३५ असल्यास तीव्र समजला जातो. ‘अशाच स्थितीत उरलेले आयुष्य काढावे लागले तर कसे वाटेल?’ या आशयाचा आठवा प्रश्न जोडून ही पद्धती पुढे आंतरराष्ट्रीय गुणांक म्हणून रूढ झाली. औषध सुरू करण्यापूर्वीचे व नंतरचे गुण ताडून पाहिले असता उपचाराचा परिणाम स्पष्ट होतो.

वाचता न येणाऱ्या रुग्णांसाठी याच पद्धतीचे चित्ररूप दक्षिण आफ्रिकेतील स्टेलेनबॉश विद्यापीठातील डॉक्टरांनी तयार केले व त्यासंबंधीचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. जाड धारेपासून थेंबांपर्यंतच्या आकृत्या पाहून रुग्णाने आपल्या स्थितीशी जुळणाऱ्या आकृतीवर बोट ठेवावयाचे, इतकी ती सोपी आहे. निरक्षर वृद्धांची संख्या जेथे मोठी आहे अशा कोणत्याही प्रदेशाने तिचा अवश्य विचार करावा.

दुसरे साधन मूत्रनोंदवहीचे. प्रत्येक वेळी लघवी केव्हा झाली, किती झाली, घाई होती काय, वस्त्र ओले झाले काय, तसेच पाणी, चहा, ताक इत्यादी पेये केव्हा व किती घेतली, झोपण्याची व उठण्याची वेळ कोणती, एवढाच मजकूर तीत लिहावयाचा असतो. मोजण्यासाठी खुणा असलेला प्लॅस्टिकचा मग पुरतो. तो याच कामासाठी वेगळा ठेवावा व प्रत्येक वेळी धुवावा. अशी नोंद किमान तीन दिवस करावी आणि त्यांत कामाचा व विश्रांतीचा असे दोन्ही प्रकारचे दिवस यावेत, असे इंग्लंडमधील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत स्त्रियांच्या मूत्रविकारांसंबंधी सांगितले आहे. मोजणे शक्यच नसेल तर केवळ वेळांची नोंदही उपयोगी पडते.

एक तक्रार, तीन कारणे

या साध्या नोंदीचे सामर्थ्य एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, ६० किलो वजनाचा, ६८ वर्षे वयाचा एक शेतकरी ‘रात्री चार वेळा उठावे लागते’ अशी तक्रार घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात आला. वय पाहता प्रोस्टेट ग्रंथी वाढली असावी, हा पहिला तर्क होय. परंतु त्याच्या नोंदीत पुढीलप्रमाणे आकडे आढळले.

सकाळी उठल्यानंतरची पहिली लघवी सोडून दिवसभरात व झोपण्यापूर्वी तो पाच वेळा जाऊन आला. ही लघवी २५०, २००, २३०, २२० व २०० म्हणजे एकूण १,१०० मिलिलिटर भरली. रात्री झोपेतून उठून चार वेळा २२०, २३०, २०० व २१० आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठताच २४० मिलिलिटर अशी पुन्हा १,१०० मिलिलिटर लघवी झाली. सकाळची पहिली लघवी रात्री तयार झालेली असल्याने ती रात्रीच्या हिशेबात धरावयाची असते, जरी उठण्याच्या संख्येत तिची गणना होत नाही.

चोवीस तासांची बेरीज २,२०० मिलिलिटर झाली. शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलिलिटरपेक्षा अधिक लघवी झाली तर ती प्रमाणाबाहेर समजतात. या शेतकऱ्याच्या बाबतीत ती मर्यादा २,४०० येते, म्हणजे एकूण लघवी अतिरिक्त नाही. प्रत्येक खेपेस २०० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक लघवी होते, म्हणजे मूत्राशय आकसलेले नाही. मात्र एकूण लघवीपैकी निम्मी रात्री होते. ६५ वर्षांवरील व्यक्तीत हे प्रमाण एक-तृतीयांशाहून अधिक असू नये. तात्पर्य, दोष प्रोस्टेटपेक्षा रात्रीच्या अधिक मूत्रनिर्मितीत असण्याची शक्यता मोठी आहे. दिवसभर पायांत उतरून साचलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परत येते व मूत्रपिंडे ते रात्री बाहेर टाकतात. म्हणून पायांवर सूज आहे काय, हृदयाचा विकार आहे काय, झोपेत घोरताना श्वास अडतो काय, लघवी वाढविणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या केव्हा घेतल्या जातात, संध्याकाळी चहा व पाणी किती होते, हे पाहावे लागेल. या रुग्णास केवळ प्रोस्टेटची गोळी दिली असती तर त्याची झोप सुधारण्याची आशा थोडीच होती.

आता दुसरा रुग्ण घेऊ. तोही चार वेळाच उठतो, पण दिवसा काय अथवा रात्री काय, प्रत्येक वेळी जेमतेम ८० ते १०० मिलिलिटर लघवी होते आणि एकूण बेरीज १,२०० च्या आसपास असते. येथे मूत्राशयात साठवणूक होत नाही किंवा ते पूर्ण रिकामे होत नाही. प्रोस्टेटची वाढ, जंतुसंसर्ग, खडा किंवा मूत्राशयाची अतिसंवेदनशीलता यांचा शोध घ्यावा लागेल. तिसऱ्या रुग्णाची प्रत्येक लघवी ३०० मिलिलिटरची, पण एकूण बेरीज साडेतीन लिटर निघते. त्याची रक्तशर्करा प्रथम तपासावयास हवी.

तक्रार एकच, शब्दही तेच, परंतु रोग तीन आणि उपचारही तीन. हा भेद लाखो रुपयांच्या यंत्राने नव्हे, तर प्लॅस्टिकचा मग, घड्याळ व तीन दिवसांची प्रामाणिक नोंद यांनी उघड केला.

भ्रमणध्वनीने काय साधते?

वरील हिशेब वहीवर करता येतो, परंतु गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना बेरजा करीत बसण्यास वेळ नसतो. भ्रमणध्वनीवरील ॲप हे काम क्षणार्धात करते. रुग्णाने केवळ एक खूण दाबून आकडा भरावयाचा. वेळ आपोआप नोंदली जाते, दिवस व रात्र यांची विभागणी होते, बेरीज व टक्केवारी निघते आणि आलेख तयार होतो. नोंद करावयाची राहिल्यास आठवण दिली जाते. महिन्या-दोन महिन्यांच्या प्रगतीचे चित्र डॉक्टरांना एका दृष्टिक्षेपात पाहता येते.

उपचाराच्या कामीही ही साधने उपयोगी पडतात. अनावर घाईच्या विकारात दोन लघव्यांमधील अंतर हळूहळू वाढवीत नेण्याचे शिक्षण मूत्राशयाला द्यावे लागते. खोकताना लघवी निसटणाऱ्या स्त्रियांसाठी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे आकुंचन करण्याचे व्यायाम सांगितले जातात. अमेरिकन डॉक्टर आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली ते प्रचारात आणले. हे व्यायाम फलदायी असले तरी नियमाने करणारे थोडे, ही जुनी अडचण आहे. स्वीडनमधील उमेओ विद्यापीठात या व्यायामांसाठी एक ॲप तयार करून १२३ स्त्रियांवर त्याची चाचणी घेण्यात आली. तीन महिन्यांनंतर ॲप वापरणाऱ्या गटातील स्त्रियांचा त्रास दुसऱ्या गटाच्या तुलनेत लक्षणीय प्रमाणात कमी झाला होता. दवाखान्याची पायरी चढण्यास संकोचणाऱ्या स्त्रीला घरच्या घरी व एकांतात मार्गदर्शन मिळू शकते, हा या प्रयोगाचा बोध आहे.

याखेरीज लघवीच्या धारेचा वेग घरीच मोजणारी छोटी यंत्रे, धारेच्या आवाजावरून वेगाचा अंदाज बांधणारी ॲप आणि ओटीपोटावर लावून ध्वनितरंगांच्या साहाय्याने मूत्राशय किती भरले आहे हे सांगणारी उपकरणे निघाली आहेत. पाठीच्या कण्याला इजा झाल्याने लघवीची जाणीव हरपलेल्या रुग्णांना या शेवटच्या प्रकारचा उपयोग होऊ शकतो. आवाजावर विसंबणारी पद्धत मात्र पाण्याची पातळी, भांड्याचा आकार व बसण्याची रीत यांनुसार बदलत असल्याने ती जपून वापरावयास हवी.

भारतात मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकसेवेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. ‘ई-संजीवनी’ या शासकीय सेवेद्वारे आरोग्य केंद्रातून तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. दूरच्या तज्ज्ञाला रुग्णाचे पोट चाचपता येत नाही, म्हणून त्याच्यापुढे तीन दिवसांची नोंद असणे अधिकच मोलाचे ठरते. कागदावरील नोंदीचे स्वच्छ छायाचित्रही या कामी पुरेसे होते.

मर्यादा व सावधगिरी

या साधनांचे गुण सांगताना त्यांच्या मर्यादांकडे डोळेझाक करून चालणार नाही. पहिली गोष्ट अशी, की नोंद म्हणजे निदान नव्हे. ॲपने दाखविलेल्या गुणांवरून स्वतःच औषध आणणे किंवा चालू असलेली गोळी बंद करणे धोक्याचे आहे. लघवीची तपासणी, रक्ततपासणी, लघवीनंतर मूत्राशयात उरणाऱ्या लघवीचे मापन व प्रत्यक्ष शारीरिक तपासणी यांची जागा कोणतेही ॲप घेऊ शकत नाही.

दुसरी अडचण भाषेची. इंग्रजीतून शब्दशः उतरविलेले प्रश्न रुग्णाला उमगत नाहीत. ‘मूत्रविसर्जनाची निकड जाणवते काय?’ असे विचारले तर खेड्यातील आजी गोंधळून जाते. ‘लघवीला लागली की दम धरवत नाही, असे होते का?’ हा प्रश्न तिला तत्काळ कळतो. उन्हाळे लागणे, लघवी तुंबणे, धार न सुटणे, अंग बाहेर येणे हे शब्द लोकांच्या बोलण्यात आहेत आणि प्रश्नावल्यांत त्यांना स्थान मिळावयास हवे.

तिसरा प्रश्न गोपनीयतेचा असून तो सर्वांत नाजूक आहे. अनेक कुटुंबांत भ्रमणध्वनी एकच असतो व तो मुलाच्या वा पतीच्या हाती असतो. सासूची किंवा सुनेची असली नोंद त्यात राहणार असेल तर ती स्त्री नोंद करणारच नाही, किंवा खरी करणार नाही. अशा वेळी कागदाचा तुकडा हेच उत्तम साधन होय. ‘डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३’ याचे मूलतत्त्व असे, की व्यक्तीची माहिती तिच्या मुक्त व जाणीवपूर्वक संमतीने आणि सांगितलेल्या कामापुरतीच वापरली जावी. कोणतेही ॲप घेताना ते कोणी तयार केले आहे, माहिती कोठे साठविली जाते, ती पुसून टाकता येते काय, हे पाहावे. आरोग्य कर्मचाऱ्यांनी रुग्णाच्या नोंदीचे छायाचित्र कोणत्याही सामूहिक संदेशगटात टाकू नये, याबाबत वरिष्ठांनी कटाक्ष बाळगला पाहिजे.

नोंद न करता तातडीने डॉक्टरांकडे जाण्याचे प्रसंगही ठाऊक असावेत. लघवी पूर्ण तुंबणे, लघवीतून रक्त जाणे, थंडी वाजून ताप येणे व कुशीत दुखणे, पायांतील शक्ती एकाएकी जाऊन लघवीवरचा ताबा सुटणे, तसेच गरोदरपणी लघवीला जळजळ होणे यांपैकी काहीही घडल्यास तीन दिवस थांबण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

शाळा आणि शिक्षक

अंथरूण ओले करणाऱ्या मुलाला घरी बोलणी खावी लागतात व शाळेत थट्टा सोसावी लागते. वस्तुतः हा त्याचा अपराध नसतो. अशा मुलाच्याही दोन दिवसांच्या नोंदीतून पुष्कळ उलगडा होतो. शालेय वयातील मुलाच्या मूत्राशयाची अपेक्षित क्षमता काढण्याचे सूत्र सोपे आहे. वयाच्या वर्षांत एक मिळवून ३० ने गुणावयाचे. सात वर्षांच्या मुलाची क्षमता या हिशेबाने २४० मिलिलिटर येते. सुट्टीच्या दिवशी केलेल्या मोजणीत ती फारच कमी आढळली तर डॉक्टरांना दाखवावे.

अनेकदा असे दिसते, की मूल सकाळी घरून निघाल्यापासून सायंकाळी परत येईपर्यंत एकदाही लघवीला जात नाही. शाळेतील स्वच्छतागृहाला कडी नाही, पाणी नाही किंवा वर्गातून उठण्यास संकोच वाटतो, ही त्याची कारणे असतात. लघवी रोखून धरण्याची सवय जंतुसंसर्गाला व पुढील तक्रारींना निमंत्रण देते. परवानगी मागणाऱ्या विद्यार्थ्यास अडवू नये, आणि वयात आलेल्या मुलींना तर कारण विचारू नये, एवढे पथ्य पाळले तरी शिक्षकांच्या हातून मोठे आरोग्यकार्य घडेल.

नोंदीतून दिसणारे गाव

मूत्रनोंद वाचताना कधी कधी रोग आढळतच नाही. समजा, शेतमजुरी करणाऱ्या एका स्त्रीच्या नोंदीत सकाळी सहा वाजता एकदा व नंतर एकदम सायंकाळी सात वाजता ६०० मिलिलिटर लघवी झाल्याचे लिहिले आहे. दिवसभरात पाणी अवघे दोन तांबे. तिचे मूत्राशय निर्दोष आहे. तिला दिवसभरात आडोशाची जागा नाही, हे तिच्या तक्रारीचे मूळ आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात पाणी न पिता काम केल्याने लघवी घट्ट होते, उन्हाळे लागतात, मूतखड्याचा संभव वाढतो. अशा स्त्रीला गोळ्या लिहून देऊन आजार बरा होणार नाही.

मुंबईत २०११ साली स्त्रियांसाठी मोफत, स्वच्छ व सुरक्षित मुताऱ्यांची मागणी करणारी ‘राइट टू पी’ ही चळवळ सुरू झाली, तेव्हा महानगरातील स्त्रियांचीही हीच व्यथा प्रकट झाली होती. आठवड्याचा बाजार, एस. टी. चा थांबा, ऊसतोड कामगारांची वस्ती, रोजगार हमीचे काम, ग्रामपंचायतीचे कार्यालय या ठिकाणी स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आहे काय, त्यास दार, पाणी व दिवा आहे काय, याची पाहणी करणे पंचायत सदस्यांना सहज शक्य आहे. त्यासाठी कोणत्याही स्त्रीची वैयक्तिक नोंद मागण्याची गरज नाही. किंबहुना ती मागूच नये. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत हा विषय घेऊन आशा स्वयंसेविकांचे अनुभव नावनिशीविना ऐकले तरी उणिवा कोठे आहेत ते कळेल.

काय करता येईल?

या विषयात फार मोठ्या खर्चाची योजना आखावी लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे यांच्या पातळीवर मराठीतील एक पानी, मोठ्या अक्षरांचा व चित्रांचा नोंदतक्ता आणि खुणांचा मग रुग्णास देता येईल. ज्यांच्यापाशी स्वतःचा भ्रमणध्वनी आहे व तो वापरण्याची सवय आहे, त्यांना योग्य ॲप दाखविता येईल. ज्यांच्यापाशी तो नाही, त्यांची कागदावरील नोंद कर्मचाऱ्याने केंद्रातील संगणकावर भरून बेरीज व टक्केवारी काढता येईल. या रीतीने साधन नसल्याने कोणी मागे राहणार नाही आणि डॉक्टरांनाही तयार आलेख मिळेल. तक्ता भरून आणणाऱ्या रुग्णाचा तो कागद डॉक्टरांनी त्याच्यासमोर वाचला पाहिजे, ही मात्र अट आहे. न वाचता बाजूला सारलेला तक्ता रुग्ण दुसऱ्यांदा भरीत नाही.

‘आपल्याला रात्री उठावे लागते का? कधी वस्त्र ओले होते का?’ हे दोन प्रश्न साठी उलटलेल्या प्रत्येक रुग्णास व प्रसूतीनंतरच्या प्रत्येक स्त्रीस एकांतात व आदराने विचारले गेले, तर या कार्याचा आरंभ झालाच म्हणून समजावे. यंत्र आकडे मोजू शकते, त्यांची मांडणी करू शकते, ते दूरच्या तज्ज्ञापर्यंत पोहोचवू शकते. परंतु पहिला आकडा नोंदला जाण्यासाठी रुग्णाला आपली तक्रार सांगण्याजोगी आहे, असा विश्वास वाटावा लागतो. तो विश्वास आरोग्य केंद्रातील कर्मचारी, शाळेतील शिक्षक व गावातील जाणती माणसे हीच देऊ शकतील. मग ती नोंद भ्रमणध्वनीवर झाली काय किंवा जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर झाली काय, तिचे मोल सारखेच राहील.